ऐकणाऱ्याचा रुपया

माझ्या मोबाइलमध्ये माझ्या पोटच्या पोरीचं नाव 'गॅस' होतं. हसा, हसा. पण आमच्या ह्यांनी सलोनीचं नाव घरात काढायचं नाही असं बजावून ठेवलेलं, मग मी काय करणार? गॅसवाल्याचा फोन कुणाच्या डोळ्यावर येत नाही. हे कारखान्यात गेले की दुपारी 'गॅस' मला फोन करायचा, आणि खारीतल्या आमच्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी बसून, भांड्यांचे ओले हात सुकेपर्यंत मी त्याच्याशी बोलायचे.

दीड वर्षापूर्वी सलोनीनं नीरजशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा कॉम्प्युटरमधला, सरळ. पण लग्नाआधी कुणीतरी येऊन ह्यांच्या कानात सांगून गेलं की पोरगा पितो. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणे, "सगळेच म्हणतात." बापानं नाही म्हटलं, पोरीनं सही केली, आणि दार बंद. बरं, गेली कुठे? तर पेणकरपाड्याला. अहो, रिक्षात बसून पदर सावरेपर्यंत येतं. तिकडे माझी लेक, इकडे मी, आणि मध्ये आत्माराम मांडवकर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. ओरडणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं, मी त्यात तरबेज आहे. गप्प माणसाशी कसं भांडायचं ते मला अजून जमलेलं नाही.

आता सलोनीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही मी काढलेली नाही, पण ती माझ्या घरात मोडावी हे मला सहन होत नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. पोर माझ्या हाताखाली असावी, तिला मी शेक द्यावा, डिंकाचे लाडू करून घालावेत, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालावं. ह्यांना कसं विचारायचं याचा खल रोज दुपारी गॅसबरोबर व्हायचा आणि रोज उद्यावर जायचा.

अशातच एका दुपारी सलोनी फोनवर कुजबुजली, "आई, आता आपण फोनवर बोलायला नको. आपलं बोलणं कोणीतरी ऐकतंय."

"कोण मेला?"

"हळू बोल ना. रोज संध्याकाळी एक फोन येतो. लँडलाइनवरून, अनोळखी नंबर. मी हॅलो म्हणते तर कोणी बोलतच नाही. आधी कट करायचे. मग म्हटलं, बसू दे बिल भरत, म्हणून तसाच ओट्यावर ठेवायचे आणि माझं काम करायचे. पण मधेच कानाला लावला तर आतून टुं-टुं-टुं. दर वेळी तीनदा."

"मग?"

"मग काय? आज मैत्रिणीनं एक मेल पाठवलाय. त्यात अगदी हेच लिहिलंय."

तिनं वाचून दाखवला. तीन वेळा टुं-टुं वाजलं की समजा तुमचा फोन टॅप झालाय. तुमचं सगळं बोलणं साठवून ठेवतात. घरातला कोणीही माणूस रेशनकार्ड दाखवून कंपनीच्या दुकानात ते ऐकू शकतो. हा मेल दहा जणांना पाठवा, एखाद्याचा संसार वाचेल.

रेशनकार्ड म्हटल्यावर मला एकदम आठवलं. आमच्या रेशनकार्डावर सलोनीचं नाव अजून तसंच होतं. कमी करायला हे कधी गेलेच नाहीत. आणि कार्ड ह्यांच्या कपाटात, कुलपात.

"बाबांनी ऐकलं तर तुझं काय होईल?" सलोनी म्हणाली. "मी सोमवारी नवीन सिम घेतेय. नंबर तुलाही देणार नाही. डिलिव्हरीचं आम्ही इथेच कुठेतरी बघू. तू त्रास करून घेऊ नकोस." आणि फोन ठेवला.

त्रास करून घेऊ नकोस म्हणे. मी तडक शेजारी वासंतीकडे गेले. सलोनीचं नाव न काढता विचारलं, असं फोन ऐकणं खरंच असतं का गं? तर ती म्हणाली, "असतं म्हणजे? माझ्या भाचीच्या नणंदेच्या ऑफिसात एकीचं घर मोडलं त्यापायी." अमकीच्या तमकीच्या ढमकीचं. पण घाबरलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. वर वासंतीनं मला फुकटात आणखी एक बातमी दिली. "आणि तुमचे हे रोज कारखाना सुटला की केबिन रोडच्या रसवंतीवर उभे असतात. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना शुगर आहे ना?"

झालं. एक आग होतीच, तिच्यात तेल पडलं. संध्याकाळी हे चपला काढताहेत तोवर मी सुरू केलं. "रस प्यायलात?"

हे बघतच राहिले. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा माणूस, दिवसभराची काळी धूळ कानशिलांवर.

"विचारतेय मी. रसवंतीवर जाता का नाही रोज?"

"जातो," हे म्हणाले.

"पिता?"

"पितो."

डॉक्टरनं पाय कापायची भीती घातलीय, मी यांच्या भाकरीत मेथी मळतेय, आणि हा गृहस्थ पितो म्हणतो. मी जे काही बोलले ते इथे सांगत नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी खाऊन झोपले.

शनिवारी दुपारी मी मठात जाते असं कागदावर लिहून ठेवलं आणि पेणकरपाड्याची रिक्षा धरली. फोनवर ऐकत असतील तर ऐकोत, समोर बसून बोलल्यावर कोण ऐकणार आहे? दीड वर्षात लेकीचं घर मी पहिल्यांदा बघत होते. दार उघडलं तेव्हा आधी तिचं पोट दिसलं आणि मग ती. आम्ही दोघी उंबऱ्यातच रडलो. नीरज मागे पाण्याचा तांब्या धरून उभा होता, बिचारा, कुणाला आधी द्यावं ते त्याला कळेना.

मग त्यानं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आई, तुम्ही स्वतः बघा. हा मेल इथे यायच्या आधी किती जणांकडून फिरलाय बघा. मी मागे मागे जाऊन प्रत्येकाला विचारलं. जो तो म्हणतो मला दुसऱ्यानं पाठवला. खाली सही काय, तर 'एक पोलीस अधिकारी'. नाव नाही, चौकी नाही, तारीख नाही."

"पण लिहिलंय ना."

"लिहायला काय लागतं? म्हणून मी कंपनीच्या साइटवर बघितलं. मग त्यांच्या कस्टमर केअरला फोन लावून विचारलं. रेशनकार्डावर कुणाचंही बोलणं ऐकायला मिळत नाही. सरकारला ऐकायचं असलं तरी वरून लेखी हुकूम लागतो, आणि ऐकणारा काय टुं-टुं वाजवून सांगेल, मी ऐकतोय म्हणून?" तो जरा थांबला. "स्थळ बघताना आपण विचारतो ना, मुलगा कोणाचा, गाव कुठलं? तसं हेही विचारायचं. आई, या मेलला बापच नाही."

याच्याबद्दल 'सगळेच म्हणतात' म्हणून आमच्या घरानं दार लावलं, आणि तेव्हा हा एक प्रश्न आम्हाला सुचला नाही. तो बोलत होता तर तोंडाला वेलचीचा वास येत होता. चहाचा.

"पण मग ते टुं-टुं कसलं?" सलोनी म्हणाली. "आणि रोज फोन करणारा कोण?"

ते मात्र नीरजला माहीत नव्हतं. त्यानं त्या नंबरावर उलटा फोन लावून बघितला होता, तो लागतच नव्हता. म्हणून सिम बदलायचं हे सलोनीचं म्हणणं कायमच होतं.

दिवेलागणीला फोन वाजला. सलोनीचा चेहरा उतरला. "तोच."

"आण इकडे," मी म्हटलं. "माझ्या तोंडाला अजून कोणी पुरलेलं नाही." शिव्या अगदी जिभेवर आणून मी फोन कानाला लावला.

पलीकडे कोणी बोललं नाही. पण रस्त्याचा आवाज होता. रिक्षाचा भोंगा. आणि त्याच्या मागे छुम छुम, छुम छुम. उसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू. शिव्या जिभेवरच राहिल्या. थोड्या वेळानं आलं ते टुं-टुं-टुं. आणि लगेच खट् करून एक आवाज.

अगं बाई. तो आवाज मला न कळून कसं चालेल? मोबाइल नव्हता तेव्हा दहिसरच्या बहिणीला मी नाक्यावरच्या एक रुपयावाल्या फोनवरूनच फोन करायचे. मिनिट भरत आलं की तो डबा टुं-टुं-टुं करतो, रुपया टाका नाहीतर कटतो. सलोनीच्या हातात कॉलेजपासून मोबाइल, तिनं तो डबा कधी वापरलाच नाही. ऐकणाऱ्यानं आणखी एक रुपया टाकला होता. काही न बोलता, नुसतं ऐकायला.

आणि मग एक खाकरणं आलं. पॉलिशच्या धुळीनं धरलेला घसा. तीस वर्षं मी त्या खाकरण्यानं पहाटे जागी होते.

मी फोनवर हात दाबला. "सलोनी," मी म्हटलं, "मेलला बाप नसेल. पण ह्या फोनला आहे."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं हात पुढे केला. तिनं फोन कानाला नेईपर्यंत मिनिट भरलं होतं.

"मी फोन ओट्यावर ठेवायचे," ती रडत म्हणाली. "ते इतके दिवस माझी भांडी ऐकत होते."

घरी गेले तर हे आधीच येऊन बसलेले. मी काही बोलले नाही, मठात काय झालं हे त्यांनीही विचारलं नाही. मी ह्यांच्या तोंडाजवळ जाऊन पाण्याचा तांब्या दिला. रसाचा वास कसला, नुसता धुळीचा. पोरीला फोन करतो हे कबूल करण्यापेक्षा या माणसानं रस पितो म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्या. मला इतकं भरून आलं की भाजीत मीठ दोनदा पडलं. तीही त्यांनी मुकाट खाल्ली.

रविवारी कारखाना बंद. तरी संध्याकाळी हे म्हणाले, "जरा फिरून येतो." मी थोडं पुढे जाऊ दिलं आणि मागोमाग निघाले.

केबिन रोडला रविवारची ही गर्दी. रसवंतीच्या खांबाला तो फोन टांगलेला, आणि आमचे हे त्याला चिकटून उभे, एक कान बोटानं बंद केलेला. रसवंतीवाला उत्तम मला ओळखत नव्हता. "काकी, फुल का हाफ?" मी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

सलोनीनं आज हॅलो म्हटलंच नाही. इतक्या जवळून मला तिचं सगळं ऐकू येत होतं. "बाबा," ती म्हणाली, "शुगरची गोळी घेतलीत?"

ह्यांची पाठ ताठ झाली. फोन ठेवायला हात खाली आला, मग पुन्हा वर गेला. "बाबा, मला माहितीय तुम्ही आहात," ती म्हणत होती. "बोला ना." आणि डबा वाजला, टुं-टुं-टुं. हे खिसा चाचपायला लागले, ह्या खिशात, त्या खिशात, आणि नाणं काही सापडेना.

मी बटव्यातला रुपया पुढे केला.

हे वळले. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा. "गॅसवाल्याचा नंबर... तुझ्या मोबाइलमधून," एवढंच म्हणाले.

"कळलं. टाका आधी," मी म्हटलं. "आणि आता तोंड उघडा. बोलायचा वेगळा रुपया पडत नाही."

खट् करून रुपया पडला. हे खाकरले. दीड वर्षानं माझा नवरा आपल्या लेकीशी पहिला शब्द बोलला.

"जेवलीस?"

पलीकडे ती रडता रडता हसली. "बाबा, ह्या वेळेला कोण जेवतं?"

मला वाटलं, आता हे फोन ठेवणार. मी दुसरा रुपया हातात धरूनच होते.

"मग इकडे ये जेवायला," हे म्हणाले. "त्यालाही आण. आणि येताना कपडे घेऊन ये. बाळ झाल्यावरच जा."

मग फोन माझ्या हातात देऊन हे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते, आणि उत्तम आम्हा दोघांकडे बघत चरक थांबवून उभा होता.

"काय बघतोस?" मी त्याला म्हटलं. "ह्यांना हाफ दे. बर्फ घालू नकोस."