तीन नंबरच्या पंपावरचा सेन्सर

मी एक जुना सेन्सर आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. काडेपेटीएवढा देह, पोटात बॅटरी, पाठीला लोहचुंबक. खालापूरजवळच्या एका कागद कारखान्यात तीन नंबरच्या पाण्याच्या पंपाला मी चिकटून असतो. पंप किती तापला, किती थरथरला, हे मी तारेविना, हवेतूनच ऑफिसातल्या संगणकाला कळवतो. आकडा वाढला की संगणक आपणहून दुरुस्तीचा हुकूम काढतो.

मित्रांनो, मी आलो त्या दिवसापासून पंपावर काम करणारे पळसदरीचे येसाजीकाका माझ्याकडे संशयाने बघत. तीस वर्षं ते पंपाला तळहात लावून त्याची तब्येत ओळखत आले होते. "चुगलखोर हाय ह्यो. आमच्यावर नजर ठेवाया बसवलाय," असं ते म्हणायचे. मलाही त्यांचा भरवसा नव्हता. रोज सकाळी ते माझ्या शेजारी हात ठेवत, तेव्हा हा माणूस मला खोटं पाडायला टपलाय, असंच वाटे.

गेल्या खंडेनवमीला पंप धुवायचे म्हणून काकांनी मला आणि दोन नंबरच्या सेन्सरला काढलं. पान्यांबरोबर पाटावर मांडून हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. माझी पहिलीच पूजा! मी असा फुगलो की परत लावताना आमची अदलाबदल झाली, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

चार दिवसांनी मी तापलेला आकडा पाठवला. हुकूम निघाला: तीन नंबर बंद करा, सगळं काम दोनवर घ्या.

काकांनी तीनला हात लावला. मग दोनवर, माझ्या शेजारी हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "साहेब, तीन गार हाय. तापलाय तो दोन!"

"सेन्सर खोटं बोलत नाही," मॅनेजर अनुपमसाहेब म्हणाले. "पहिल्यापासून तुमचा त्याच्यावर राग आहे. तीन बंद करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. मग चटका बसला. काकांचा हात आणि माझा आकडा एकच सांगत होते, आणि माझ्याच आकड्यामुळे ते खोटे ठरत होते. मला फक्त आकडे बोलता येतात. मी तेच पुन्हा पुन्हा पाठवत राहिलो.

सेन्सरचं काम बघणारी सोनाली आली. तिने काकांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. मग मला उपटून पाठीवरचं कुंकू पुसलं. खाली लिहिलं होतं: ३.

"काका, पूजेनंतर हे परत कुणी लावले?"

"मीच गं," काका खालच्या आवाजात म्हणाले. "चूक माजी हाय. पर हात खोटं नाय बोलला."

दोन नंबर वेळेवर थांबला. त्याचं बेअरिंग काळंनिळं पडलं होतं. अनुपमसाहेबांनी सगळ्यांदेखत काकांची माफी मागितली.

आता माझ्या तोंडावरच पिवळ्या रंगात मोठा ३ आहे. मित्रांनो, आम्हाला पुसा, वेळेवर बॅटरी बदला. पण आमच्या आकड्यावरून माणसाला खोटं ठरवण्याआधी एकदा हात लावून बघा. काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मग रोज सकाळी माझ्या शेजारी हात कोण ठेवणार? मला शंका आहे, कुणीच नाही.