जमिनीची चव लागलेला कांचन

मी एक जुना कांचन आहे. तुम्ही म्हणाल, झाड कधी जुने होते का? होते, मित्रांनो. नऊ वर्षे एका जागी कुंडीत उभे राहून पाहा, म्हणजे कळेल.

माझा जन्म नर्सरीतल्या एका काळ्या पिशवीत झाला. पिशवीतून मी लहान कुंडीत गेलो, लहानीतून मोठीत. दर वेळी वाटायचे, सुटलो एकदाचा! मुळे चारी दिशांना धावत सुटायची आणि चार बोटांवर कुंडीची भिंत लागायची. मग ती कडेकडेने गोल फिरत राहायची. काळजीत पडलेला माणूस खोलीत येरझारा घालतो ना, तसे माझे दिवसरात्र चालले होते. वरून मात्र कुणाला काही दिसत नव्हते. वर मी आपला शहाण्या मुलासारखा उभा.

माझ्यासमोर पिटुनियाचे ट्रे मांडलेले असायचे. एका ट्रेमध्ये सहा रोपे, वीतभर उंची आणि रंग तर असे की येणाऱ्याचे पाय तिथेच थांबायचे. दीड महिन्यात त्यांची पाठवणी व्हायची. कुणाच्या अंगणात, कुणाच्या दवाखान्याच्या दारात, पण जमिनीत! तीन-चार महिने फुलायचे आणि वाळून जायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे मी लपवत नाही. ज्यांना चार महिने जगायचे त्यांना जमीन, आणि ज्याला पन्नास वर्षे जगायचे त्याला कुंडी. हा कुठला न्याय? गिऱ्हाइके माझ्याकडे बघून विचारायची, "याला फुलं कधी येतात?" मी एकदाही फुललो नव्हतो. कुंडीत मला ते जमलेच नाही. मग ती पिटुनियाचे दोन ट्रे उचलून निघून जायची.

नर्सरीत एक मावशी कामाला होत्या. आमच्या इथे एक नियम होता. महिन्यातून एकदा प्रत्येक मोठी कुंडी जागेवरून हलवून फिरवायची. नाही तर बुडाच्या भोकातून मूळ निसटते आणि खालच्या जमिनीत जाते. मावशी कंबर धरून ते काम करायच्या आणि कुंड्यांना शिव्या घालायच्या. पुढे पुढे त्यांनी मला वगळायला सुरुवात केली. मी कोपऱ्यात होतो, जड होतो आणि दिसायला हिरवागार होतो. "तुझं बरं चाललंय बाबा, तू राहा तिथंच," असे म्हणून त्या पुढे जायच्या.

बरे का चालले होते, ते मला एकट्याला ठाऊक होते. माझे एक मूळ भोकातून खाली उतरले होते. पहिल्यांदा ओल्या, गार जमिनीला टेकले तेव्हा मी शेंड्यापर्यंत शहारलो. दोन वर्षे मी ताकास तूर लागू दिली नाही.

आणि मग एक ताई आल्या. त्यांचे यजमान पूल बांधणारे इंजिनीअर. एक पूल झाला की दुसऱ्या गावी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! मावशी त्यांना पूलवाल्या ताईच म्हणायच्या. ताईंनी सात घरांत पिटुनिया लावली होती आणि सातही घरे सोडली होती.

"या वेळी मला झाड हवंय," ताई म्हणाल्या.

"अगं, तुझी पिटुनियाच बरी," यजमान हसून म्हणाले. "आपण निघायच्या आत वाळते. मागे काही राहत नाही, कुणाला वाईट वाटायला नको."

"मला वाटू दे की वाईट! सात घरं झाली, अहो. एका तरी घरात काहीतरी माझं हवं होतं."

यजमानांनी हसणे आवरले. मग म्हणाले, "बरं, घे. पण कुंडीतच ठेवायचं. म्हणजे ट्रकमध्ये घालून नेता येईल."

ताईंचा चेहरा खुलला. जे बरोबर येईल असे झाड! सगळ्या कुंड्यांत मीच जास्त हिरवा दिसत होतो, म्हणून त्यांनी माझ्याकडेच बोट दाखवले. दोघे मला उचलायला गेले, पण मी हलेना. त्यांनी जोर लावला. खाली 'कट्' असा आवाज झाला. त्यांना वाटले, खालची काटकी मोडली असेल. मोडले होते ते माझे मूळ.

ताईंच्या ओसरीत मला मानाची जागा मिळाली. पाणी वेळेवर, ऊन बेताचे, पानांवरची धूळसुद्धा ओल्या फडक्याने पुसली जायची. पण माझे मन थाऱ्यावर नव्हते. एकेक पान पिवळे पडून गळू लागले. ताईंनी खत घातले, जागा बदलली, माझ्याशी गोड बोलून पाहिले, शेवटी रागावल्यासुद्धा. पंधरा दिवसांत माझ्या नुसत्या काड्या राहिल्या. ताई तडक मावशींना घेऊन आल्या.

मावशींनी मला आडवे केले, बुडाचे तुटलेले मूळ पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"माझीच चूक, ताई. कुंडी फिरवायची सोडली मी. याला जमिनीची चव लागलीय. आता हा कुंडीत नाही राहायचा."

त्यांनी मला कुंडीतून बाहेर ओढले. माझ्या नऊ वर्षांच्या येरझारा तेव्हा उघड्या पडल्या. माती कमी आणि मुळेच जास्त, वेटोळ्यावर वेटोळी. एक जाड मूळ तर माझ्याच बुंध्याला आवळून बसले होते.

"जमिनीत लावलात तर जगेल," मावशी म्हणाल्या. "पण मग तो तुमच्याबरोबर यायचा नाही."

ताई माझ्यापाशी बसून मुळांवरची माती बोटांनी झाडत राहिल्या. पूल निम्म्याहून अधिक झाला आहे, हे त्यांना माहीत होते. मला कुंडीत ठेवले तर मी त्यांचा, पण मरणार. जमिनीत लावले तर जगणार, पण दुसऱ्या कुणाचा तरी. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि खरे सांगतो, त्यांचाही.

मग त्या उठल्या आणि घरमालकिणीला विचारून आल्या. "लावा बापडं," ती म्हणाली, "मला कुठं जेवायला मागतंय?"

खड्डा ताईंनी स्वतः खणला. यजमान मदतीला आले, तेव्हा म्हणाल्या, "नको, हे मला करू द्या." बुंध्याला आवळणारे मूळ त्यांनी कापले. बाकीची एकेक सोडवून, बाहेर तोंड करून पसरली. ते करताना त्या रडत होत्या. मी मात्र, सांगायला लाज वाटते, आनंदाने वेडा झालो होतो. अखेर माझे पाय जमिनीला लागले होते!

माझ्या पायाशी त्यांनी पिटुनिया लावली. आता मला तिचा हेवा वाटेना. एका हंगामात ती सगळा संसार उरकते, कुणाला वाट पाहायला लावत नाही. सतत गाव बदलणाऱ्या बाईला सातही घरांत तिनेच सांभाळले होते. ते मला कधीच जमले नसते.

पुढच्या वर्षी मी कुंपणाच्या वर गेलो. थंडी सरता सरता माझी पाने गळाली आणि काड्यांवर बारीक कळ्या धरल्या. त्याच आठवड्यात पूल पूर्ण झाला.

ट्रक आला. खोकी चढली, पलंग चढला, पिटुनियाचे बी एका पाकिटात ताईंच्या पर्समध्ये गेले. सगळ्यात शेवटी ताई माझ्यापाशी आल्या. त्यांनी कळ्या पाहिल्या, बोटे लावून मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. "अहो, अजून आठ-दहा दिवस मिळाले असते तर..." एवढेच त्या म्हणाल्या. ट्रकचा हॉर्न वाजला.

नऊ वर्षे मी कुंडीतून सुटायला धडपडलो होतो, मित्रांनो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, मी कुंडीत असतो तर बरे झाले असते! मी मुळे ओढून पाहिली. ती हलली नाहीत. ताईंनी ती फार चांगली पसरली होती.

नवव्या दिवशी मी फुललो. जांभळ्या-गुलाबी फुलांनी सगळा भरून गेलो आणि पाहायला घरात कुणी नव्हते.

आता त्या घरात नवे भाडेकरू आहेत. भली माणसे आहेत, पण मला कुणी लावले ते त्यांना माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही कधी नव्या घरात राहायला गेलात आणि अंगणात एखादे झाड उभे दिसले, तर 'आपण कुठे लावलंय' असे म्हणू नका. त्याला तांब्याभर पाणी घाला. ज्या माणसाने ते लावले, त्याला परत येता येत नाही आणि झाडाला त्याच्याकडे जाता येत नाही. माझ्या ताईही आज कुठल्या तरी नवव्या घरात असतील, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी झाडाला पाणी घालत असतील.