डॉक्टरांच्या गाडीची अर्थिंग

मुंगी माझ्या बहिणीची मुलगी. अंगाने एवढीशी, पण कामाला चिकटली की सुटत नाही, म्हणून लहानपणापासून हेच नाव. गाड्यांच्या वायरिंगचं काम ती आधी माझ्या गॅरेजात शिकली, मग दोन वर्षं वर्गात बसून शिकली. परत आली तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं की यापुढे इलेक्ट्रिकचं काम तिचं. सांगितलं खरं. पण गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायचं, "मिस्त्री, तुम्हीच बघा हो," आणि मी भिडेखातर बॉनेटमध्ये डोकं घालायचो. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी ती शांतपणे म्हणाली, "मामा, बस डेपोत जागा निघाली आहे. पुढच्या गाडीला तुम्ही हात घातलात, की मी तिकडे चालले."

पुढची गाडी निघाली डॉक्टरांची.

माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. गाडी लांब, काळी, आत चामड्याच्या गाद्या. दार लावलं तर आवाज कळू नये अशी. आता वय झालेली. ती टोइंगच्या गाडीवर बसून आली आणि मागून रिक्षाने डॉक्टर आले, चेहरा उतरलेला.

"किल्ली फिरवली की नुसतं टक् होतं," ते म्हणाले. "परवा वायपर आपोआप फिरायला लागले. काल डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम पेटले, जणू जत्रा. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने स्टार्टर. तिसरा म्हणतो कॉम्प्युटर गेला. मिस्त्री, तुम्ही बघा. मुलीला दुसरी एखादी गाडी द्या."

मुंगी दारात उभी होती. तिने हातातला मीटर खिशात ठेवला.

"डॉक्टर, गाडी तीच बघेल," मी म्हणालो.

"अहो, पण..."

"नाहीतर परत चढवा टोइंगवर."

वीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. ते खुर्ची ओढून बसले. "बघू दे तर," म्हणाले, पण घड्याळ बघितलंच.

आता हात लावायचा नाही म्हटल्यावर माझी जीभ वळवळायला लागली. "सोलेनॉइडचा खटका अडकत असेल. स्टार्टरला हातोडीने हळूच ठोकून बघ."

"नवाकोरा स्टार्टर आहे मामा, त्याला बिचाऱ्याला कशाला मारता?"

"मग पुढचा फ्यूज..."

"मामा, चहा सांगा."

मी चहा सांगितला.

या गाडीची बॅटरी डिकीत, एका कोपऱ्यात असते. मुंगी डिकीत अशी शिरली की बाहेर फक्त बूट दिसत होते. बॅटरी मोजली, ठणठणीत होती. मी असतो तर इथेच अडलो असतो. मी जन्मभर वायरी रंगावरून आणि बिघाड आवाजावरून ओळखले. वायरिंगचा नकाशा वाचायला फार उशिरा शिकलो, तोही हिच्याकडून. ही मात्र मोजत पुढे जाते आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिते.

तिने मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला. "डॉक्टर, आत बसा. मी म्हणेन तेव्हा किल्ली."

डॉक्टर उठून आत बसले. ऑपरेशनच्या टेबलाशी आयुष्यभर त्यांनी 'कात्री' म्हटलं की कात्री हातात आली होती. आज मुंगी 'किल्ली' म्हणाली की ते निमूट फिरवत होते.

"किल्ली."

टक्.

"परत."

टक्.

"सहा व्होल्टच्या वर," ती डिकीतून म्हणाली. "इथे जवळजवळ शून्य यायला हवं. बॅटरीतून निघालेला निम्मा जोर परतीच्या वाटेवर, या अर्थिंगलाच अडतोय. बाकी यंत्रं उपाशी राहतात, म्हणून काहीबाही करतात."

तिने एक जाड वायर घेतली, बॅटरीचं काळं टोक थेट पत्र्याला जोडलं. "किल्ली."

पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. डॉक्टरांनी खिडकीतून डोकंच बाहेर काढलं.

इंजिन बंद करून, बॅटरीची वायर सोडवून, मुंगीने अर्थिंगचा बोल्ट खोलला. वायरचं टोक बाजूला केलं आणि थांबली. मी वाकून बघितलं. टोकाखाली करडा रंग होता, गुळगुळीत, दोन हात दिलेला. बाजूच्या भिंतीवरच्या आमच्या पान्यांच्या फळीला आहे तोच.

सात वर्षांपूर्वी या डिकीत पाणी शिरलं होतं. मी गंज घासला, तळ रंगवला आणि कामाच्या ओघात टोक रंगावरच बसवून बोल्ट आवळला. इतकी वर्षं करंट बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता. आता तेही गंजले. काम दिसायला इतकं नीटस होतं की तिघांपैकी एकालाही तिथे संशय आला नाही.

"काय निघालं?" डॉक्टरांनी विचारलं.

मुंगीने माझ्याकडे बघितलंच नाही. "पाणी शिरलं होतं. गंज आहे."

"गंज नंतरचा," मी म्हणालो. "आधी रंग. टोकाखालचा पत्रा उघडा ठेवायचा असतो. मी रंगवून ठेवला. माझ्या हातची चूक आहे, डॉक्टर, आणि हिने पकडली."

लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण छाती अशी भरून आली होती की लाजेला जागाच उरली नाही. माझी चूक शोधायला तीन गॅरेजं कमी पडली आणि माझ्या भाचीला चहा निवायच्या आत सापडली!

डॉक्टर माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होते, पण ते तिच्याकडे वळले. "मग आता?"

"आता मामा रंग खरवडतील," मुंगी म्हणाली आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला.

मी गुडघे टेकून डिकीत वाकलो. घासलं. तिने टॉर्च मारला.

"अजून."

परत घासलं.

"कडेला राहिलाय. अजून."

पत्रा आरशासारखा झाला तेव्हा कुठे तिने नवा बोल्ट आणि नवं टोक बसवलं, वायर जोडली, वरून ग्रीस लावलं. डॉक्टरांना दहा वेळा किल्ली फिरवायला लावली. दहाही वेळा गाडी लागली. मीटरचा आकडा तिने वहीत लिहिला. शून्याच्या इतका जवळ की लिहिला नसता तरी चाललं असतं.

निघताना डॉक्टर तिच्यापाशी थांबले. "आमच्या घरच्या दुसऱ्या गाडीचा एसी मधूनच बंद पडतो. तुम्हाला कधी वेळ आहे?"

सवयीने मी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि पॉलिश पेपर झटकत राहिलो.

"गुरुवारी आणा," मुंगी म्हणाली. "सकाळी. इंजिन गार असताना."