वळचणीखालचा डबा

मी पर्जन्यमापक बोलतोय. नाव भारदस्त आहे, पण घरात मला सगळे ‘डबा’च म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मी डबाच आहे. पत्र्याचं अंग, डोक्यावर नरसाळं, पोटात रेघा आखलेली काचेची नळी. ज्या पत्रेवाल्याने मला घडवलं, त्याने पाणी भरून मी गळतोय का ते पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, “याला एकच काम येतं. वरून पडेल तेवढं धरायचं. पदरचं काही घालणार नाही.”

ते गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत आणि मागे अंगण. दात पोटासाठी, जीव मात्र सगळा आभाळात. समोरच्याला तोंड उघडून बसवायचे आणि स्वतः खिडकीतून ढग बघायचे. एक दिवस भलताच दात उपटाल तेव्हा कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. मला मात्र त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. अंगणाच्या मधोमध माझ्यासाठी ओटा बांधला. नरसाळ्यात पान अडकलं तर ते दवाखान्यातल्या चिमट्याने काढायचे.

गावात असे हवामानवेडे आणखीही होते. बेकरीवाला होता, बसचा ड्रायव्हर होता, आणि सगळ्यांचे म्होरके शाळेतले मास्तर. रोज सकाळी प्रत्येकाने आपला आकडा फोनवरच्या ग्रुपवर टाकायचा. ज्याच्याकडे आठवड्यात सगळ्यात जास्त पाऊस, त्याला पुढचा आठवडाभर सगळ्यांनी ‘महाराज’ म्हणायचं. पोरखेळच म्हणा. पण आमचं घर नदीच्या वरच्या अंगाला, टेकडीवर. इथे किती पडला यावरून खालच्या वस्तीत पाणी येणार की नाही, हे मास्तर सांगायचे. म्हणून माझ्या आकड्याला वजन होतं, आणि मलाही त्याचा थोडा तोरा होता.

त्या वर्षी ऊन असं तापलं की माझ्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. मग वळीव सुरू झाला, तोही लहरी. बेकरीपुढे धो धो आणि आमच्याकडे ठणठणाट. महाराजपद बेकरीवाल्याच्या घरातून हलेना. ढग डॉक्टरांना घाबरतात, तोंड उघडायला सांगतील म्हणून, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण ते त्यांना फार लागलं.

एका दुपारी आभाळ भरून आलं, तसं त्यांनी मला ओट्यावरून उचललं आणि घराच्या वळचणीखाली ठेवलं. मला वाटलं, गारांपासून वाचवताहेत. काय भाबडा मी! पाऊस आला आणि छपरावरचं पाणी पत्र्यांवरून ओघळून माझ्या पोटात पडायला लागलं. सकाळी डॉक्टरांनी तो फुगलेला आकडा ग्रुपवर टाकला आणि ते महाराज झाले. ज्याने मला खरं बोलायला आणलं, त्यानेच माझ्या तोंडी खोटं घातलं. मी करणार काय? मला धरता येतं, थुंकता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डबा इथे कशाला? ओट्यावर वारा फार लागतो, असं उत्तर मिळालं. त्यांनी छपराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. मी तिथेच राहिलो.

आता ताईंबद्दल सांगतो. ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच भावाला वाढवलं. पुलापलीकडे, नदीच्या अगदी काठाला त्यांचं घर. भावोजींचं अर्धं अंग लुळं पडलेलं आणि शरीर थोराड. त्यांना माडीवर न्यायचं तर चार माणसं लागायची, आणि तीही रस्ता कोरडा आहे तोवर बोलवावी लागायची. म्हणून पाऊस वाढला की ताई आधी भावाला फोन करायच्या. टीव्हीवाले काहीही बरळतात, माझा भरवसा तुझ्या डब्यावर, असं त्या म्हणायच्या. हे ऐकलं की माझी मान ताठ व्हायची.

मग ते वादळ आलं. पाण्याचा थेंब पडायच्या आधीच वाऱ्याने वळचणीचे पत्रे उचकटून शेजारच्या आवारात भिरकावले. माझ्या डोक्यावर पुन्हा मोकळं आभाळ आलं. त्यानंतर जे कोसळलं, ते सगळं आभाळातलंच होतं. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात निव्वळ खरं पाणी साठत होतं. मला आनंद झाला हो! तोंडापर्यंत भरलो तरी मी गळलो नाही.

डॉक्टर छत्री घेऊन बाहेर आले. वाकले, माझ्यात पाहिलं आणि दचकले. डोक्यावर छत्री, त्यामुळे वर पाहिलंच नाही. तेवढ्यात ताईंचा फोन आला.

“अरे, नदीचा रंग बदललाय. यांना वर न्यायला माणसं बोलवू का? तुझा डबा काय म्हणतो?”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. डबा वळचणीखाली आहे, म्हणजे निम्मं तरी छपराचंच, असा त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. स्वतः शिकवलेलं खोटं त्यांना एवढं पाठ झालं होतं.

“काही नाही गं, नेहमीसारखाच आहे. उगाच लोकांना पावसात कशाला बोलवतेस? बस निवांत.”

मास्तरांनाही त्यांनी निम्माच आकडा कळवला. मला पाय असते तर मी धावत गेलो असतो.

पाऊस ओसरल्यावर डॉक्टरांनी छत्री मिटली आणि त्यांना छपराची उघडी लाकडं दिसली. मग त्यांनी ताईंना फोनवर फोन लावले. पलीकडे कोणी उचलत नव्हतं.

ताईंना शेजाऱ्यांनी माडीच्या खिडकीतून काढलं. भावोजी खालीच राहिले.

भावोजींचं दिवसकार्य झाल्यावर ताई आल्या. अंगणात उभ्या राहून त्यांनी भावाला एवढंच विचारलं, “त्या दिवशी डब्यात किती होतं?”

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी कोणीतरी खरं सांगेल. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, “यंत्रच दगा देऊन गेलं, ताई. त्यात कमीच दिसत होतं.”

बाई आत निघून गेल्या. ताईंनी मला हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं. “माझाच वेडेपणा,” त्या म्हणाल्या. “पत्र्याच्या डब्यावर माणसाचा जीव सोपवला.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ग्रुपवाल्यांनी डॉक्टरांचं सांत्वन केलं, यंत्राला काय कळतं म्हणाले, आणि वर्गणी काढून त्यांना नवं यंत्र आणून दिलं.

मी आता माळ्यावर आहे, तुटक्या खुर्चीखाली. नळीला तडा गेलाय, आत कोळ्याने घर केलंय. त्याचं मला काही नाही. तुमच्यापैकी कोणाचं त्या पुलापलीकडे जाणं झालं, तर माझं एक काम करा. ताईंना भेटा. भावाचं नाव नाही काढलंत तरी चालेल. एवढंच सांगा, की त्या दिवशी डबा काठोकाठ भरला होता.