प्रभुभोजन राहिलं तो रविवार

त्या आठवड्यात आमच्या ह्यांनी चर्चमधला रविवारचा संदेश चार वेळा लिहिला आणि चारही वेळा फाडला. पाळकाच्या बायकोला फाडलेल्या कागदांची सवय असते, पण चार म्हणजे जरा अतीच.

"लिहिता तरी कशाला?" मी म्हटलं. "तुम्ही काय बोलायचं ते लोकांनी आधीच ठरवलंय."

झालं होतं असं. सरकारी दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड बंद होणार म्हणून गुरुवारी नर्सिंगच्या मुली फाटकासमोर धरणं धरून बसल्या. दुपारी त्यांच्यावर लाठ्या चालल्या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या टेलर मास्तरांच्या मुलीचं मनगट मोडलं. लाठी चालवणाऱ्यांत भोपळ्या होता, तोही आमच्याच मंडळीतला. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून संडे स्कूलमध्ये मीच त्याला ते नाव ठेवलं होतं. पोलिसात भरती झाला, वाळून काठी झाला, तरी नाव काही सुटलं नाही. त्याच्या आईला सगळे मावशी म्हणतात. वीस वर्षं प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचे, प्याले तीच धुते. मास्तरांचं आणि मावशीचं, ही दोन्ही घरं उपासनेला एकाच बाकावर बसायची. पोरं एकत्र वाढलेली.

चर्च कमिटीतले अर्धे म्हणाले, त्या पोराला प्रभुभोजनाच्या मेजापाशी फिरकू देऊ नका. उरलेले म्हणाले, राजकारण चर्चच्या पायरीखाली ठेवा. खजिनदारांनी तर तोडगाच काढला, "साहेब, प्रेमावर बोला. प्रेमावर कुणाची हरकत नसते."

शनिवारी आम्ही दोघं आधी मास्तरांकडे गेलो. ते मशीनपाशी बसून मुलीच्या सदऱ्याची बाही उसवत होते. प्लास्टर आत जात नव्हतं. मुलगी खिडकीपाशी बसली होती, आमच्याकडे बघून नुसती मान हलवली तिने.

"साहेब," मास्तर मान वर न करता म्हणाले, "पाया पडतो, पण उद्या क्षमा काढू नका. हिचं हाड अजून जुळलेलं नाही आणि सकाळपासून तीन जण येऊन क्षमेचं सांगून गेले. त्यातल्या एकानेही हात कसा आहे ते विचारलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही विचारलं नव्हतं.

तिथून मावशीकडे. भोपळ्या ड्यूटीवर निघालेला, बुटाच्या नाड्या बांधत होता. हे काही विचारायच्या आतच म्हणाला, "हुकूम होता. गर्दीत कोण आहे ते दिसतं का? ती होती हे मला घरी आल्यावर कळलं." मावशी भिंतीकडे बघत उभी होती. चहा टाकते म्हणाली आणि टाकायचा विसरली.

परतताना हे रस्त्यातच थांबले. "दमलो गं," म्हणाले. "देवावर राग नाही, माणसांवरही नाही. मधे उभं राहून राहून पाय दुखतात."

रविवारी त्यांनी शास्त्रपाठ वाचला. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, अशा अर्थाचा तो उतारा. वाचून झाल्यावर त्यांनी बायबल मिटलं.

"माझ्याकडे आज संदेश नाही," ते म्हणाले. "हे वाक्य वाचल्यावर मेज मांडायची मला हिंमत होत नाही. आज प्रभुभोजन होणार नाही. ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं. मी इथेच बसतो."

आणि खरोखरच पहिल्या बाकावर जाऊन बसले. तीस वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. कुजबुज सुरू झाली. खजिनदार उठले, घसा खाकरला, पुन्हा बसले. मग बाकं हळूहळू रिकामी झाली. कुणी जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच घरी काहीतरी भांडले असेन. तासाभराने मास्तर, त्यांची मुलगी, मावशी आणि आम्ही दोघं एवढेच उरलो. ह्यांचा तर चक्क डोळा लागला. मी त्यांना कोपराने ढोसलं नाही. झोपू दे म्हटलं.

मग मावशीच उठून बाहेर गेली. फाटकापाशी उभी राहून फोनवर बोलत होती. आवाज चढला तेवढं एकच वाक्य आत आलं, "खोटं बोललेल्या तोंडाने माझ्या घरात जेवू नकोस."

दुपारी दोनच्या सुमारास भोपळ्या आला. वर्दीतच होता, टोपी काखेत. बाकापाशी येऊन मुलीसमोर उभा राहिला.

"मी मारलं," तो म्हणाला. "तू होतीस ते मला दिसलं होतं. मागे आमचा साहेब उभा होता. थांबलो असतो तर सगळ्यांसमोर थांबावं लागलं असतं. म्हणून मारलं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग मान वळवलीस."

"हो."

"तीन दिवस लोक मला सांगतायत, त्याला दिसलंच नसेल गं. मला वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय."

तो रडायला लागला. ती रडली नाही. म्हणाली, "क्षमा मागू नकोस आत्ता. मागितलीस तर मला काहीतरी बोलावं लागेल. दमलेय मी." मग बापाला म्हणाली, "चला, भूक लागली."

एवढंच झालं. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. ह्यांनी दोन शब्दांची प्रार्थना केली आणि दार लावलं.

पुढचे महिने सोपे नव्हते. प्रभुभोजनाच्या संस्काराची थट्टा केली म्हणून कमिटीने वरपर्यंत तक्रार नेली. ह्यांना जाब द्यावा लागला, तो त्यांनी अर्ध्या पानात दिला. लाठीमाराच्या चौकशीत भोपळ्याने लिहून दिलं की मुली बसलेल्या होत्या, दगड कुणी मारला नव्हता, लाठीचा हुकूम तसाच आला. तो कागद पेपरात छापून आला आणि त्याची बदली दोन दिवसांच्या वाटेवर झाली. वॉर्ड बंद व्हायचा तो झालाच. आता अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री तीन तास गाडीत काढावे लागतात.

तो निघाला त्या सकाळी आम्ही त्याला सोडायला गेलो. मास्तरही आले, एकटेच. मुलगी आली नाही आणि का आली नाही असं कुणी विचारलं नाही. ट्रंक जड होती. मास्तरांनी एका बाजूची कडी धरली, भोपळ्याने दुसरी, आणि दोघं एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा खाली ठेवून हात बदलावे लागले.