कार्डासोबत फुकट

मॉलमध्ये शिरलात की सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी बघा. निळं कापड घातलेलं टेबल, मागे टाय लावलेला तरुण आणि पुढे ऐटीत उभी असलेली चाकांची लाल बॅग. तीच मी. माझ्या गळ्यात पाटी आहे : ‘क्रेडिट कार्डासोबत फुकट’. आज कुणी विचारलेलं नसतानाही मी बोलणार आहे.

मी कारखान्यात जन्मले. शिवणाऱ्या बाईनं माझी चेन पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि म्हणाली, “ही खूप हिंडणार.” बिचारी! माझा आजवरचा प्रवास टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारण मी नमुना आहे. सही करणाऱ्याच्या घरी जाते ती माझी धाकटी बहीण. दिसायला डिट्टो मी, पण तिचा दांडा अर्ध्यात अडकतो.

माझं काम म्हणजे लोकांच्या हातात जायचं. बॅग हातात दिली की माणूस सही करतोच, असं टायवाल्याचं ठाम मत आहे. हातात आलेली वस्तू परत ठेवायला माणसाच्या जिवावर येतं. कलिंगड वाजवून घेणारी, भाजीवाल्याशी रुपयासाठी हुज्जत घालणारी, चपलेचा तळ वाकवून बघणारी माणसं माझ्यापुढे येतात आणि एवढंच विचारतात, “चाकं फिरतात ना?” फिरतात म्हटलं की सही. अर्थशास्त्र शिकवणारे एक सर येऊन गेले. त्यांनी माझा रंग निळा मिळेल का, एवढी एकच शंका काढली.

मग एका दुपारी लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ आला. हाताला ग्रीस, चेहऱ्यावर उत्साह. टायवाल्यानं मला त्याच्या हातात दिलं. त्याच्याकडे आधीचं कार्ड होतंच, आणि ते उधारीनं गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

“मग मॅडमच्या नावानं टाकू ना सर! त्यांच्या ओळखपत्राचा फोटो असेलच मोबाइलमध्ये.”

होता. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पगारापाशी पेन अडलं.

“थोडा फुगवून लिहा सर, सगळेच लिहितात.”

फुगवला. आता फक्त बायकोच्या फोनवर जाणारा सहा आकड्यांचा ओटीपी हवा होता. तो सांगितला की अर्ज पुढे. त्यानं बायकोला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते.

“अगं, एक मेसेज आलाय बघ. त्यातले आकडे सांग पटकन.”

“कुणाला हवेत?”

“बॅगवाल्याला.”

घरघर थांबली.

“या मेसेजात तर कार्डाच्या अर्जाला संमती द्या असं लिहिलंय. बॅग कुठून आली यात?”

“फुकट आहे गं! लाल आहे. तुझ्या नावानं भरलाय अर्ज, म्हटलं तुला आश्चर्याचा धक्का देऊ.”

“बसला धक्का. पगार किती लिहिलास?”

तो माझ्या दांड्याशी चाळा करू लागला. “अं... पुढच्या वर्षी होईल तेवढा.”

“अरे देवा! गेलं वर्षभर मी काय करतेय, दिसत नाही का तुला? मालकाच्या मागे लागून पगार बँकेत जमा करायला लावला. फोनचं बिल माझ्या नावावर घेतलं, एकदाही चुकवलं नाही. माझ्या नावावर चुकून कुणाच्या तरी फ्रिजचं कर्ज चिकटलं होतं, ते पुसायला किती अर्ज, किती खेपा! पुढच्या महिन्यात माझ्याच बँकेत एक छोटं कार्ड मागणार होते. एकच. आणि तू खोटा पगार लिहून माझ्या आधी नकार मिळवतोस?”

“कार्ड ते कार्ड. हे घे की!”

“त्यांनी नाही म्हटलं तरी अर्जाची नोंद माझ्या नावावर राहते. काचा घासायचं मशीन भाड्यानं देणारे लोक आधी पत बघतात. पत नाही तर मशीन नाही, आणि मशीन नाही तर माझं दुकान नाही. मी काय जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात घरघर ऐकू?”

“माझीही पत आहे की!”

“तुझी पत मला विचार. आणि त्या भाऊंना विचार, पैसे थकले तर व्याज किती?”

या टेबलापाशी हा प्रश्न पहिल्यांदाच आला. टायवाल्यानं टाय सैल केला.

“मॅडम, वेळेत पूर्ण भरलं तर शून्य!”

“आणि नाही भरलं तर?”

“साडेतीन टक्के.”

“वर्षाला?” लिफ्टवाल्यानं आशेनं विचारलं.

“महिन्याला,” टायवाला आणि ती एकदमच म्हणाले.

“आकडे मिळणार नाहीत,” ती म्हणाली. “अर्ज माझ्या नावाचा आहे, तो फाड आणि तुकडे घरी घेऊन ये. बॅग खाली ठेव.”

त्यानं ठेवली. एवढा धट्टाकट्टा माणूस, पण मला खाली ठेवायला त्याला दोन्ही हात लागले. मग त्यानं अर्ज फाडला आणि तुकडे खिशात कोंबले.

काही महिन्यांनी ती दोघं पुन्हा इथून गेली. टायवाल्यानं सवयीनं हाक मारली, “मॅडम, कार्ड हवंय? बॅग फुकट!”

“मिळालं मला. माझ्या बँकेचं.”

“सोबत काय दिलं त्यांनी?”

“काही नाही. कार्ड दिलं.”

“दुकानाची जागाही बघून आलो आत्ता,” नवरा मध्येच म्हणाला. जणू सगळी तयारी त्यानंच केली होती! तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि दोघं जिन्यावर चढली.

आता माझा रंग उडालाय, एक चाक कुरकुरतं. लवकरच मला काढून नवी बॅग उभी करतील. जाता जाता तुम्हाला हात जोडून सांगते : सही करायची असेल तर जरूर करा, पण आधी मला खाली ठेवा. मोकळ्या हातानं खरा पगार लिहा, व्याज विचारा, आणि परतफेड कशातून करणार ते घरच्यांसमोर मोठ्यानं बोलून बघा. बोलताना जीभ अडखळली तर घरी जा.

हजारो हातांनी मला धरलं. खाली ठेवायला लावलं ते तिनं एकटीनं. कुणाच्या घरी जायला आवडेल, असं मला विचाराल तर मी तिचंच घर सांगेन. आणि तिनं मला कधीही नेऊ नये.