यांची संकष्टी

खोटं बोलायलाही अक्कल लागते, आणि विजयकुमारकडे ती कधीच नव्हती. २००९च्या फेब्रुवारीत दुबईतल्या त्याच्या बांधकाम कंपनीने कामं थांबवली आणि त्याला नारळ दिला. या गोष्टीला सव्वा महिना उलटला. तरी हा रोज टाय लावून, डबा घेऊन निघायचा आणि अल क्वोजमधल्या एका गोदामाच्या सावलीत गाडी लावून बसायचा. बायकोला, विभावरीला, सांगायची काही हिंमत होत नव्हती.

अशातच ईशानीचा, त्यांच्या लेकीचा, आठवा वाढदिवस आला. दरवर्षीप्रमाणे ऊद मेथातल्या थाळीवाल्याकडे जाणं भाग होतं.

"दोनच थाळ्या," तो वेटरला म्हणाला. वेटर विन्स्टन, वसईचा, जुन्या ओळखीचा.

"सर, नवीन रूल आलाय. थाळी अनलिमिटेड, म्हणून शेअर केली तर वीस दिरहॅम चार्ज. मॅनेजर काउंटरवरून बघतो."

"वीस? अडीचशेच्या वर रुपये झाले की! पण शेअर कोण करतंय? माझा उपवास आहे. संकष्टी."

"नो बाबा," ईशानी म्हणाली, "संकष्टी वॉज ऑन सॅटरडे. आई मेड मोदक."

विन्स्टन पॅडकडे बघत राहिला. अकरा वर्षं संकष्टी करणारी विभावरी, देवाच्या नावावर खोटं बोललेलं तिला मुळीच खपत नसे. ती शांतपणे म्हणाली, "यांची वेगळी असते."

विजयकुमारच्या आत्ता लक्षात आलं. हिला सगळं माहीत होतं.

थाळ्या आल्या. ईशानीने श्रीखंड-पुरीचा पहिला घास बाबापुढे धरला. त्याने काउंटरकडे बघितलं आणि मान फिरवली. पोरीचा चेहरा एवढासा झाला. वीस दिरहॅमपायी आपण हे केलं, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

"विन्स्टन, चार्ज लावा," म्हणत विभावरीने आपलं ताट मधोमध सरकवलं. तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, "जेवा आता. पूर्वी ऑफिसातल्यांबरोबर बाहेर खायचात, डब्यातली निम्मी भाजी परत यायची. हल्ली डबा चाटूनपुसून येतो. मला कळत नाही होय?"

"अगं, सांगणारच होतो. कुठेतरी लागेल, इन्शाल्ला..."

"व्हिसा कधीपर्यंत आहे?"

"दहा एप्रिल."

तिने मान हलवली. "शाळेत विचारून आलेय मी. शाळा सोडल्याचा दाखला आठवड्यात मिळतो. ईशानीची पुढच्या वर्गाची पुस्तकं मी घेतलीच नाहीत."